आधी शहापूर तर पायी फिरा!

वाचकहो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो, रागावू नका. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी किती जणांनी कपिलेश्वर पुलापलीकडचे शहापूर पायी फिरून पाहिले? सराफ गल्लीत दागिना मोडायला-घडवायला गेलो, खडेबाजारात लग्नाचा बस्ता बांधला, हे यात धरायचे नाही. गाडी लावली, काम उरकले, गाडी काढली, याला फिरणे म्हणत नाहीत. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, कुणाच्या कट्ट्यावर बसत, ओळख काढत फिरलात का, एवढेच विचारायचे आहे.

आमचे स्वतःचे उत्तर सांगायला संकोच वाटतो. आमच्या आजोबांचे बिऱ्हाड शहापुरात मीरापूर गल्लीत होते. वडिलांना नोकरी लागली, त्यांनी टिळकवाडीत घर बांधले आणि आम्ही 'टिळकवाडीकर' झालो. आज बँकेत काउंटरला बसतो. शहापूरचा पत्ता दिवसातून दहा वेळा डोळ्यांखालून जातो, ५९०००३ हा पिनकोड झोपेतही आठवेल. पण त्या पत्त्यावरचे घर कसे आहे, शेजारी कोण राहतो, पाणी कुठल्या दिवशी येते, यातले काही ठाऊक नव्हते. गेल्या पावसाळ्यानंतर आमचे एक सहकारी, एक निवृत्त मास्तर, वडगावच्या एका मागवाल्याचा मुलगा आणि आम्ही असे चौघे रविवारी सकाळी चालायला निघू लागलो. निमित्त सीमाप्रश्नाचे नव्हते. डॉक्टरांनी रक्तातली साखर सांगितली होती, तेवढेच. पण चार महिने चाललो आणि या पत्रकातून आपण जे राजकारण बोलतो, त्याबद्दल काही बोलावेसे वाटू लागले.

प्रथम हद्दीचे सांगतो, कारण हद्द हा आपला जिव्हाळ्याचा विषय.

बेळगावचे आणि शहापूरचे राज्य एक नव्हते, हे आपल्या मुलांना माहीत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनाही ते फक्त ऐकून माहीत आहे. १८१८ साली बेळगाव इंग्रजांकडे गेले. शहापूर मात्र पटवर्धनांच्या सांगली संस्थानात राहिले, थेट १९४८ च्या मार्चपर्यंत. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली, तेव्हा कुठे दोन्हींवर एकच अंमल आला. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ हाकेच्या अंतरावर दोन कारभार होते. इकडे इंग्रजांचा कलेक्टर, तिकडे सांगलीकरांची कचेरी. शहापुरातली कचेरी गल्ली आजही त्याच नावाने ओळखली जाते. सरकारी चिंतामणराव हायस्कूलच्या कमानीवरचे नाव सांगलीच्या राजांचे आहे, आत शिकणाऱ्या किती मुलांना ते ठाऊक असेल कोण जाणे.

ही हद्द नकाशावरून पुसली गेली त्याला पाऊणशे वर्षे झाली. पण होळीनंतर या भागात येऊन पाहा. बेळगाव शहर धुळवडीला रंग खेळते आणि अंघोळ करून मोकळे होते. शहापूर आणि आसपासच्या वस्त्या त्या दिवशी कोरड्या असतात. त्यांचा रंग पंचमीला. बँकेत आमच्या शेजारच्या काउंटरचा सहकारी शहापूरचा, तो धुळवडीला इस्त्रीचा सदरा घालून येतो आणि पंचमीला रजेचा अर्ज टाकतो. साहेब नवे असले की दरवर्षी समजावून सांगावे लागते. "साहेब, आमचं सांगली संस्थान," एवढे एकच उत्तर तो देतो. संस्थान गेले, राजे गेले, मुंबई राज्य गेले, म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि रंगपंचमी जिथल्या तिथे आहे. कुठल्या सरकारने ती ठेवा म्हणून सांगितले नाही आणि कुठल्या समितीने त्यासाठी ठराव केला नाही.

आमच्याबरोबरच्या मास्तरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. सांगली संस्थानाचे सहा तालुके होते: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शिरहट्टी आणि शहापूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा यातले काही या बाजूला पडले, काही त्या बाजूला. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात. तेरदाळ बागलकोट जिल्ह्यात, शिरहट्टी गदग जिल्ह्यात. आपले शहापूर बेळगाव महापालिकेत. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर एकत्र कुटुंबाचे खाते बंद केले आणि शिल्लक न विचारता दोन शाखांत वर्ग केली. त्या दिवशी शहापूरच्या माणसाला कुणी विचारले नाही. हा आपला जुना दावा आहे आणि तो आम्ही सोडावा असे म्हणत नाही. १९६७ चा महाजन अहवाल आपण नाकारला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाचे काम न्यायालयात चालेल. आमचे म्हणणे गल्लीतल्या कामाबद्दल आहे.

खडेबाजाराचेच घ्या. बेळगावला एक खडेबाजार आहे आणि शहापूरला दुसरा. पत्त्यावर 'शहापूर' लिहायचे राहिले की टपाल एकदा तरी गावभर हिंडून येते. आमच्या बँकेच्या चेकबुकांचेही तसेच होते, ग्राहक येऊन आमच्यावर ओरडतो आणि त्याचे बरोबर असते. एका गावाला दोन खडेबाजार कसे, असे बाहेरचा माणूस विचारतो, तेव्हा त्याला सांगावे की गावे दोन होती, म्हणून बाजारही दोन. शहापूरचा बाजार पाहुण्या मालावर उभा नव्हता. इथे कापड विणले जाई, रंगवले जाई, विकले जाई. आपल्या आजीच्या ट्रंकेत शहापुरी लुगडे असेल तर काढून पाहा. आमच्या घरी एक आहे. काठ अजून धड आहेत, मधला भाग हात लावला की फाटतो.

खडेबाजारातून पुढे नाथ पै चौक. बॅरिस्टर नाथ पै हे आपल्या सीमालढ्याचे दिल्लीतले तोंड होते. १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मा दिनाच्या सभेसाठी ते बेळगावला आले, बोलले, आणि १८ जानेवारीला त्यांचा इथेच अंत झाला. चौकाला नाव दिले, हे योग्यच झाले. पण त्या रविवारी सकाळी तिथे रिक्षा लावून बसलेल्या एका पोराला मास्तरांनी विचारले, "हे नाथ पै कोण रे?" तो म्हणाला, "स्टॉपचं नाव हाय ते, सर." त्याला हसू नका. पोर मराठी, शाळा मराठी, आडनाव आपल्यातलेच. दर १७ जानेवारीला आपण पुष्पचक्र वाहतो आणि अकरा वाजता घरी जातो. रिक्षावाल्याला नाथ पै कुणी सांगायचे? टिळकवाडीकरांना १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर ठाऊक असते, पाहुणे आले की दाखवतात, कारण गांधीजी अध्यक्ष होते आणि शाळेत धडा होता. नाथ पैंचा धडा नव्हता.

नाथ पै चौकाच्या पुढे वडगाव लागते, आणि इथे आम्ही जरा थांबणार आहोत.

वडगावच्या गल्ल्या आधी कानाने कळतात. यंत्रमागाचा खटखटाट दाराबाहेर येतो. आत अंधार, वर एकच दिवा, पत्र्याखाली दोन माग, आणि उरलेल्या जागेत संसार. बाई कांड्या भरते, नवरा मागावर उभा. सूत व्यापाऱ्याचे, साडी व्यापाऱ्याची, मजुरी तेवढी यांची. वीज गेली की खटखटाट थांबतो आणि गल्ली एकदम मुकी होते. खासबागेत तेच, होसूरला तेच. आमच्याबरोबरच्या मित्राचे घर यातलेच. त्याच्या वडिलांनी हातमागावर धोटा फेकला, त्याने यंत्रमाग चालवला, त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत गेला. त्याच्या गल्लीतले काही माग भंगारात गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घराघरांत पाणी शिरले, मोटारी भिजल्या, सूत कुजले. ते सावरेपर्यंत २०२० ची टाळेबंदी आली. लग्नेच नाहीत तर साड्या कोण घेणार? विणकरांच्या घरांतून त्या दिवसांत काय काय झाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आणि पान उलटले.

या घरांत भाषा कोणती? आम्हाला वाटले होते, एक तर आपली, नाही तर त्यांची. मित्राच्या शेजारी एक म्हातारे विणकर राहतात. ते बायकोशी कन्नडात बोलतात, मागाशी कन्नडात पुटपुटतात, आमच्याशी मराठीत बोलले आणि नातवाला हिंदीत दटावले. सुताचे भाव मराठीत सांगितले, कारण व्यापारी मराठी. मंगाईच्या यात्रेत ते कोंबडे घेऊन जातात, आमच्या मित्राचे घरही जाते. आषाढातल्या त्या मंगळवारी देवळापुढे कुणाचे कोंबडे कुठल्या भाषेत उडाले, हे कुणी विचारत नाही. आपल्या बैठकांत ही घरे "त्यांची" म्हणून आधीच वजा केली जातात. कुणी वजा केली? ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांनी. हिशेबात न पाहिलेली रक्कम वजा करत नाहीत, एवढे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

वडगावच्या कडेला रयत गल्ली. तिथून शहापूर-वडगावचे शिवार सुरू होते. ते शिवार ज्यांनी भाताच्या दिवसांत पाहिले नाही त्यांनी बेळगाव पाहिले नाही, असे आम्ही बेधडक म्हणू. बेळगावचा बासमती इथला. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर होतो, पाणी द्यावे लागत नाही. दरवर्षी बळ्ळारी नाला फुगतो आणि पिकावरून जातो. नाला साफ करा, म्हणून शेतकरी दरवर्षी निवेदन देतात. वर हलगा-मच्छे बायपास याच पिकाऊ जमिनीतून काढला. २०२१ साली पोलीस बंदोबस्तात यंत्रे उभ्या पिकात उतरली, बायका-माणसे यंत्रांपुढे आडवी झाली, मग न्यायालयाची स्थगिती. मराठी शेतकरी होते, कन्नड शेतकरीही होते. आपल्या संघटनेने पाठिंब्याचे पत्रक काढले. पत्रक चांगले होते. बांधावर आपल्यातले किती जण गेले? आम्ही गेलो नव्हतो. त्या दिवशी बँकेत अर्धवार्षिक तपासणी होती, असे कारण आमच्याकडे आहे.

रयत गल्लीत आम्हाला एक तात्या भेटले. नाव लिहीत नाही. वय ऐंशीच्या आसपास, दोन एकर शिवार. "बसा की, चा घेऊन जावा," म्हणाले. चहा येईपर्यंत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरामागून एक कागद काढला. घड्या पडून पडून चिरला होता. मास्तरांपुढे धरून म्हणाले, "मास्तर, एवढं जरा बघा. सा म्हैने झालं, कोण की दारात चिकटवून गेलंय." मास्तरांनी चष्मा पुसला आणि कागद आमच्याकडे दिला. आम्ही पाहिला. पूर्ण कन्नड. आम्हाला दुकानाची पाटी लागते, बसचा बोर्ड लागतो. हे सरकारी कन्नड आम्हा तिघांनाही लागले नाही. "नातू इंग्लिश मिडियमला हाय," तात्या म्हणाले, "त्याला दुसरी भाषा कन्नड. त्यालाबी हे कळंना." शेवटी मागवाल्या मित्राने वाचले. जमिनीच्या मोजणीत दुरुस्ती होणार आहे, हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा, असा मजकूर होता. तीस दिवस कधीच संपले होते. तात्यांनी विचारले, "म्हंजे आता?" आम्ही चौघे चहा पीत बसलो.

या कागदाने आम्हाला फार छळले. कागद कुठल्या कार्यालयाचा, हे सांगण्यात अर्थ नाही, सगळीकडे तेच आहे. खरे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या काउंटरवरही मराठी माणसाला आम्ही "इथे सही करा" म्हणून इंग्रजी फॉर्म पुढे सरकवतो आणि पुढच्याला बोलावतो. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, ही मागणी आपण वर्षानुवर्षे करतो आहोत आणि ती रास्त आहे. ते संरक्षण १९५६ पासून कागदावर आहे. २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड आले, त्यावरही आपण मोर्चे काढले. काढायलाच हवेत. पण आपण मोर्चातून घरी आलो, तेव्हा तात्यांची मुदत संपत होती, आणि ते आपल्याला ठाऊक नव्हते. कारण रयत गल्लीत आपण जात नाही.

तिथे कोण जाते? नगरसेवकाची माणसे जातात. कागद वाचून देतात, पाण्याचा टँकर पाठवतात, हॉस्पिटलात चिठ्ठी देतात. मग मते कुणाला जातात, याचे आश्चर्य आपण का करावे? २०१३ साली दक्षिण मतदारसंघातून समितीचा आमदार निवडून गेला. त्याच मतदारसंघात शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ येतात. २०१८ ला तो गेला नाही, २०२३ लाही गेला नाही. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत ५८ पैकी ३५ प्रभाग एका राष्ट्रीय पक्षाने घेतले आणि समितीच्या वाट्याला मूठभर आले. आपल्यात फूट होती, खरे. पैसा वाटला गेला असे म्हणतात, तेही असेल. पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली, तेही कारण. या कारणांची यादी आम्ही बैठकीत पुष्कळदा ऐकली आहे. पण रविवारच्या फिरण्यात आम्हाला गल्लीगल्लीत एकच वाक्य ऐकू आले: "तुम्ही निवडणुकीला येता." ते वाक्य यादीत नसते.

शहापुरातून जुन्या पी. बी. रोडकडे निघणाऱ्या रस्त्याचे उदाहरण ताजे आहे. स्मार्ट सिटीच्या कामात रस्ता रुंद केला, जागा घेतली, घेण्याची रीत पाळली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, भरपाईचा आकडा कोटींत गेला, आणि २०२४ साली महापालिकेने ती जागा मूळ मालकाला परत करायचे ठरवले. एका मालकाने कागद वाचले, वकील दिला, शेवटपर्यंत उभा राहिला, म्हणून हे झाले. ज्यांच्याकडे वकिलाचे पैसे नव्हते, कागद वाचायला माणूस नव्हता, त्यांच्या पायऱ्या आणि पडव्या गेल्या त्या गेल्याच. आमच्या आजोबांच्या शेजारच्या घराची पडवी अशीच गेली. घरमालकीणबाई म्हणाल्या, "सही कर म्हणाले, केली." कशावर केली, हे त्यांना अजून माहीत नाही.

आता आम्हाला काय हवे ते सांगतो. फार मोठे नाही.

आपल्या मंडळाचा दिवाणखाना रविवारी सकाळी रिकामा असतो. तिथे एक टेबल आणि चार खुर्च्या मांडाव्यात. ज्याला कुठली नोटीस, घरपट्टीचा कागद, सातबाऱ्याच्या जागी इथे मिळतो तो उतारा, विजेचे बिल, काही कळत नसेल त्याने घेऊन यावे. आपल्यातली जी मुले कन्नड चांगले वाचतात त्यांनी ते वाचून मराठीत सांगावे, मुदतीची तारीख लाल शाईने लिहून द्यावी. उत्तर मराठीत लिहावे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कुठल्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येते. अर्ज मराठीत आहे म्हणून परत करता येत नाही. सोबत कन्नड प्रत जोडावी, म्हणजे टेबलावरच्या कारकुनाला सबब उरणार नाही. कारकून कशी सबब काढतो हे आमच्याहून अधिक कुणाला ठाऊक?

यावर काही ज्येष्ठ मंडळी रागावतील, हे आम्हाला माहीत आहे. एकांनी तर तोंडावर विचारले, "म्हणजे तुम्ही कन्नड शिका म्हणता? १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आपली माणसे गोळ्या खाऊन पडली, ती कशासाठी?" त्या काकांचा आम्ही आदर करतो, त्या दिवसांत ते तुरुंगात होते आणि आम्ही शाळेत. त्यांना आमचे उत्तर असे की सक्ती नाकारणे आणि पुढ्यात आलेला कागद वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. वकील शत्रूपक्षाचे निवेदन वाचतोच. कागद न वाचल्याने तात्यांची जमीन वाचली असती तर आम्हीही वाचला नसता. आणि ज्या मुलांना शाळेत कन्नड शिकावेच लागले, त्यांच्या डोक्यातले ते ज्ञान परक्याच्या कामी यावे आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या कामी येऊ नये, यात कसला स्वाभिमान?

दुसरे म्हणजे चालणे. कार्यकारिणीच्या प्रत्येक सभासदाने महिन्यातून एक रविवार एका गल्लीला द्यावा. झेंडा नको, पत्रक नको, फोटोवाला तर नकोच. मराठी शाळेत किती मुले उरली ते पाहावे. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसत होत्या, बाई एका फळ्यावर बेरीज आणि दुसऱ्यावर कविता लिहीत होत्या. मुले का गेली, हे घरोघर विचारल्याशिवाय कळणार नाही. आम्ही तिथे तीन घरांत विचारले. तिन्ही घरांत उत्तर वेगळे. एकाला इंग्रजी हवे होते, एकाला रिक्षा दारात येणारी शाळा हवी होती, एकीला शाळेत संडास नाही याची अडचण होती. पहिल्या कारणावर आपण भाषणे करतो. तिसऱ्यावर वर्गणी काढून महिन्याभरात काही करता येईल.

खासबागेचा रविवारचा बाजारही चुकवू नका. तिकडे होसूर, पलीकडे जुने बेळगाव, इकडे वडगाव, आणि येळ्ळूर-धामणे रस्त्याने येणारी खेडी, सगळे इथे एका पोत्यावर बसतात. येळ्ळूरची बाई वांगी विकते. २०१४ साली 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक पोलिसांनी पाडला आणि घराघरांत शिरून माणसे मारली, ते ती सांगते, आणि लगेच शेजारच्या कन्नड बाईकडून सुटे पैसे मागून घेते. दोन्ही गोष्टी एकाच दमात. आमच्या मास्तरांनी तिथे कोथिंबिरीच्या जुडीवरून मराठीत घासाघीस केली, कन्नडात हरले आणि दहा रुपये जास्त देऊन आले. अजून त्यांना आम्ही चिडवतो.

तात्यांच्या कागदाचे काय झाले, ते विचाराल. मित्राने कन्नड प्रत लिहिली, मास्तरांनी मराठी अर्ज लिहिला, मुदतीनंतर हरकत का घेतली याची कारणे आम्ही आकडे घालून लिहिली. तात्यांना रिक्षात घालून कार्यालयात नेले. टेबलावरच्या बाबूने आधी कन्नड प्रत तेवढी घेतली, मराठी बाजूला सरकवली. आम्ही ३५० वे कलम सांगितले. त्याने आमच्याकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, आणि दोन्हींवर पोचेचा शिक्का मारला. निकाल अजून लागलेला नाही. तात्या शिक्क्याची प्रत कॅलेंडरामागे ठेवतात आणि आम्ही गेलो की काढून दाखवतात.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही कपिलेश्वराच्या देवळाशी उभे आहोत. कोरे गल्ली, आचार्य गल्ली, नार्वेकर गल्ली करून वडगावच्या बाजार गल्लीपर्यंत जाणार. कन्नड वाचणारे एखादे पोर घरात असेल तर सोबत आणा. चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.